एकास चाळीस

आमच्या शेजारच्या दुकानातले सोपानराव तुमच्या घरी आले, तर आधी तुमच्याकडे बघणार नाहीत. आधी ते तुमच्या पाण्याकडे बघतील. ड्रम असो, रांजण असो, सिमेंटची टाकी असो, झाकण उचलतील, खिशातला लोखंडी टेप काढून पाण्यात सोडतील आणि ओल्या टोकाकडे डोळे बारीक करून म्हणतील, "सव्वा फूट. चालंल." मग टेप शर्टाला पुसून खिशात टाकतील आणि म्हणतील, "हां, काय म्हणताव? बरं हाय ना?"

काय चालेल, ते नवख्या माणसाला कळत नाही. आमच्या वडवणीत आता सगळ्यांना कळतं. बोट चालेल.

सोपानरावांचं दुकान पाणबुडी मोटारी भरण्याचं. बोअरमधली मोटार जळाली, की शेतकरी ती त्यांच्याकडे आणून टाकतो. ते आतली काळी पडलेली तार उपसून काढतात आणि नवी तांब्याची तार मोजून वेढे घालत भरतात. वेढे मोजत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही. गिऱ्हाइकानं "कधी होईल?" विचारलं, तर ते नुसता हात वर करतात. गिऱ्हाईक जुनं असेल तर खाली बसतं, नवं असेल तर माझ्या दुकानात येऊन "यांना ऐकू येत नाही का?" म्हणून विचारतं. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आमच्या दोघांच्या मध्ये एक पत्रा. त्यामुळे त्यांचं सगळं मला ऐकू येतं, नको असलं तरी.

तर हा माणूस सात-आठ वर्षांपासून बोटी बनवतो. छोट्या, पण पाण्यात खरोखर चालणाऱ्या. प्लायवूडच्या पट्ट्या, पाइपाचे तुकडे, एमसील, स्वतः भरलेली काडेपेटीएवढी मोटार आणि एका मोडक्या खेळण्यातल्या गाडीचा रिमोट. मी एकदा कौतुकानं म्हणालो, "सोपानराव, एखादी शिडाची करा की. पांढरी शुभ्र. शोकेसमध्ये छान दिसेल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना चोरीची मोटार भरायला सांगितली होती.

"शिडाची काय कामाची? हवा खात फिरायची ती. आपल्याला राबणारी बोट पायजे."

राबणारी बोट म्हणजे गाळ उपसणारी, सामान पोचवणारी, मोठी जहाजं ओढणारी. त्यांच्या लेखी बोटींच्या दोनच जाती, राबणाऱ्या आणि बसून खाणाऱ्या. माणसांच्याही तेवढ्याच. मी कोणत्या जातीत मोडतो, हे मी कधी विचारलं नाही, कारण झेरॉक्सच्या धंद्यात बरंचसं बसावंच लागतं.

त्यांचं सगळं माप एकास चाळीस. खऱ्या बोटीच्या चाळीस इंचाला यांचा एक इंच. पुढे पुढे हे माप बोटीत मावेना. समोरून कोणी आलं की त्याला ते चाळीसने भागायचे. "तुमी पावणेदोन इंच भरताव," ते मला म्हणाले, "अन त्यात पोट अर्धा इंच." हे त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पहिली बोट झाली ती गाळ उपसणारी. तिची परीक्षा जनावरांच्या हौदात झाली. तासाभरात तिनं तळाचं शेवाळ, दोन बाटल्यांची बुचं आणि कुणाचंतरी एक जोडवं वर काढलं. हौद साफ झाला, पण म्हशींनी दोन दिवस त्याला तोंड लावलं नाही.

माझ्या पुतणीचं लग्न दिंद्रुडला होतं, तेव्हाची गोष्ट तर अजून सांगतात. मांडवामागे पाण्याची मोठी टाकी. सोपानराव अक्षता टाकायच्या आधी तिकडे गेले आणि टेप सोडून बसले. तिथं दोन बायका घागरी घेऊन आलेल्या. त्यांना वाटलं, हे पाण्याच्या खात्याचे साहेब.

"साहेब, आमच्या आळीत आठ आठ दिवस टँकर येईना. तेवढं लिवून घ्या."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाई, मी पाहुणा आहे. हे म्हणाले, "चला, दावा." आणि निघाले. मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या, नवरी रडून झाली, तरी यांचा पत्ता नाही. अख्ख्या आळीतले ड्रम मोजून ते परत आले आणि माझ्या कानाशी लागून गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या पाव्हण्याच्या आळीत एकबी ड्रम चालायसारखा न्हाई." चौथ्या दिवशी त्या आळीत टँकर आला. तिथं त्यांना अजून साहेबच म्हणतात.

हे सगळं मी हसत हसत सांगतो, कारण ऐकणाऱ्याला हसू येतं. पण या बोटी सुरू कशा झाल्या, ते सांगताना मला हसू येत नाही.

सोपानरावांना एकच मुलगा, अंगद. हात बापासारखाच, तार हातात घेतली की बोटं आपोआप चालायची. दुकान तोच चालवणार, हे ठरलेलंच होतं. ठरवलं सोपानरावांनीच, अंगदला कोणी विचारलं नव्हतं. एक दिवस तो म्हणाला, "आबा, मला बोटीवर काम मिळायलंय. जातो."

पत्र्याच्या अलीकडून मी सगळं ऐकलं. सोपानराव ओरडले, "इथं प्यायला पाणी न्हाई, अन ह्याला तरंगायला पायजे! कावून रं? काय कमी पडलं तुला हितं?" चार दिवसांनी अंगद बॅग घेऊन दुकानासमोरून स्टँडकडे गेला. जाताना थांबला. सोपानराव वेढे मोजत होते. अंगदनं हाक मारली, "आबा, निघतो." त्यांनी नुसता हात वर केला.

तो खाली बसला नाही. त्याच्या गाडीची वेळ झाली होती.

त्या दिवशी भरलेली ती मोटार तिसऱ्याच दिवशी जळून परत आली. वेढे चुकले होते. इतक्या वर्षांत त्यांच्या हातची मोटार परत आलेली मी ती एकदाच बघितली. त्यांनी ती उघडली, बराच वेळ बघत बसले आणि पुन्हा भरून दिली. वर्षभर बापलेकांत बोलणं नव्हतं. मग एका दुपारी ते माझ्या दुकानात आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "गाळ काढायची बोट कशी असती, त्याचा फोटू निघंल का तुमच्या कंप्युटरवर?"

अंगद तेव्हा गाळ काढणाऱ्या बोटीवर होता. सोपानरावांना त्याची खुशाली विचारता येत नव्हती, म्हणून ते बोटीची विचारू लागले. फोन लागला की पहिली दोन वाक्यं ठरलेली. "जेवला का?" "जेवलो, आबा." मग लगेच, "पंखा किती पात्याचा हाय? गिअर कुठं हाय? झोपायच्या खोलीला खिडकी हाय का? हवा येती?" अंगदनं बोट बदलली, की यांची नवी बोट सुरू. गाळाची झाली, सामानाची झाली. आता तो आखातातल्या एका बंदरात टगवर आहे. टग म्हणजे काय, हे त्यांनी मला समजावलं. "जहाज लई थोरलं, पण त्याला वळता येत न्हाई. ही लहानी त्याला वढून काठाला लावती. बैलावानी."

टगचा एकच फोटो होता. धक्क्यावर अंगद उभा, हात लांब करून स्वतःच काढलेला, मागे त्याची बोट. बोटीचं नाव नेमकं त्याच्या डोक्यामागे. तो फोटो मीच मोठा करून दिला. सोपानरावांनी तो भिंतीला चिकटवला आणि त्यावरून आठ महिने काम केलं. सव्वादोन फुटी टग, कडेला लोंबणारे टायर नळाच्या वायसरचे, मागे दोर ओढायचं चाक. अंगदला फोनवर विचारलं, "तुजी खोली कंची?" तो म्हणाला, "फोटूत माझ्या खांद्यावर खिडकी दिसती बगा, ती." त्या खिडकीत त्यांनी मोहरीएवढा दिवा बसवला.

रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी ते बोटीचं बटण दाबायचे आणि पाच मिनिटं समोर बसायचे. मी शटर ओढता ओढता विचारायचो, "काय, बॅटरी टेस्ट?" ते म्हणायचे, "हां, टेस्ट."

अंगद आकितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, येणार होता. पहिल्यांदाच सलग महिनाभर. त्याच्या हातात रिमोट द्यायचा आणि बोट पाण्यात सोडायची, एवढंच सोपानरावांच्या डोक्यात होतं. धारूर रस्त्यावर माझ्या मेव्हण्याचं शेततळं आहे. ते त्यांनी मोजून ठेवलं होतं. पाणी उतरत चाललं होतं, पण आकितीपर्यंत पुरलं असतं.

पंधरा दिवस राहिले असतील. सोपानराव जेवायला घरी आले नाहीत म्हणून अंगदची आई, आमच्या वहिनी, भाकरी घेऊन दुकानात आल्या. दुकानात त्या सहसा येत नसत आणि त्यांच्याकडे साधा फोन, त्यामुळे तो फोटो एवढा मोठा त्यांनी कधी बघितला नव्हता. बघत उभ्या राहिल्या. मग चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"अवो, ह्याचे टाके इकडं कसे गेले?"

"कसले टाके?"

"भुवईचे. लहानपणी हौदावरून पडलता, तुमची चप्पल पाण्यात सोडायला गेलता तवा. डाव्या भुवईला तीन टाके घातलते. हितं उजव्या भुवईला दिसायलेत."

पत्र्याच्या अलीकडे मी ते ऐकलं. मी रस्त्यावर जाऊन स्वतःच्याच दुकानासमोर हात लांब करून स्वतःचा फोटो काढला. मागची पाटी उलटी आली. स्वतःचा फोटो काढला, की काही फोन आरशासारखा काढतात. रोज दहा जणांचे फोटो छापणारा मी, आणि हे आईला दिसलं.

म्हणजे बोट आरशातली होती. शिडी, चाक, खिडकी, सगळं डावीकडचं उजवीकडे. मी सावरायला गेलो, "जाऊ द्या सोपानराव, कोणाला कळणार आहे?"

"त्याला कळंल," ते म्हणाले. "तो ऱ्हातो तिथं."

मग ते स्टुलावर बसले. भाकरी तशीच राहिली. "आठ महिने," ते म्हणाले, "रोज सांजच्याला त्याच्या खोलीत दिवा लावला म्या. अन ती खोली दुसऱ्याच कुणाची निघाली."

तेव्हा मला ती बॅटरी टेस्ट कळली. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाहेरच्या मोटारी घेणं बंद केलं. शिडी उपसली, चाक उपसलं, तारा बदलायला घेतल्या. आठवड्यानं अंगदचा फोन आला. बदली माणूस आला नव्हता. आकितीला सुटी नाही, आता दिवाळीला.

"बरं झालं," सोपानराव म्हणाले. "मलाबी टाइमच पायजे हुता. तुजा दिवा डाव्या अंगाला घ्यायचा ऱ्हायलाय."

आकितीला त्यांनी तरीही बोट तळ्यावर नेली. मी गेलो, वहिनी डब्यात आमरस घेऊन आल्या. पाणी बरंच खाली गेलं होतं. सोपानरावांनी बोट सोडली. ती गुरगुरत गेली, तिच्या चाकाचा दोर मधोमध तरंगणाऱ्या रिकाम्या ड्रमला लावलेला होता, तो ओढत ओढत वळली आणि ड्रम बरोबर काठाला आणून लावला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. असं चांगलं काम बघायला जो हवा होता तोच नव्हता, आणि आम्ही तिघंही तेच मनात म्हणत होतो.

बोट पाण्यातून उचलली तेव्हा मी बघितलं, दिव्याच्या तारा दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना गेल्या होत्या.

"ही डावीकडची अंगदची," मी म्हणालो. "मग उजवीकडची कशी चालू? काढायची राहिली का?"

"ऱ्हायली न्हाई. ठिवली."

"कुणासाठी?"

डबा आवरणाऱ्या वहिनींचा हात थांबला.

"त्याला इचारलं म्या," सोपानराव म्हणाले. "म्हणला, एक खोली रिकामी असती, आबा. कुणी आलं गेलं तर." थोडा वेळ ते बोटीवरचं पाणी पुसत राहिले. "त्या दिशी मी स्टँडवर गेलो न्हाई. जाऊन सोडाया पायजे हुतं. आता कधी जाणं झालंच, तर झोपायला जागा नको?"

उन्हात दिवे दिसत नव्हते. त्यांनी दोन्ही तळहातांचा आडोसा करून डाव्या खिडकीत बघितलं. मग बोट फिरवून उजव्या खिडकीत. मग खिशातला टेप काढून तळ्यात सोडला.

"दोन फूट," ते म्हणाले. "दिवाळीपतुर चालंल."

ते पाणी मे महिनासुद्धा काढणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"चालेल की," मी म्हणालो.