महादेवरावांची नाव

लेकीच्या, शामलाच्या, सुपारीच्या दिवशी महादेवराव बैठकीत जे बोलून गेले, ते त्यांना अंबाझरीच्या तलावात निस्तरावं लागलं.

त्या दिवशी कळमेश्वरचे होणारे व्याही गणपतराव शंकरपटाच्या गोष्टी सांगत होते. त्यांचे बैल, बैलांचा वेग, जिंकलेल्या ढाली. महादेवरावांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग, आणि मागावर बसून कुणी ढाल जिंकल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. सगळी बैठक व्याह्यांकडे तोंड करून माना डोलावते आहे आणि आपण नुसता चहा पुढे करतो आहोत, हे त्यांना सोसेना. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, की आपलं आजोळ वैनगंगेकाठी, पवनीचं; भर पुरात नाव पलीकडे नेणं आपल्याला काही विशेष वाटत नाही. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. महादेवरावांना त्या रात्री फार छान झोप लागली.

पुढे श्रावणातल्या एका रविवारी गणपतराव पत्नी मैनाबाईंना घेऊन नागपुरात उतरले. इतवारीतली लुगडीखरेदी दुपारीच आटोपली आणि गणपतरावांनी जाहीर केलं, की आता अंबाझरीला जाऊन होडीत बसायचं. महादेवरावांनी आभाळ दाखवलं. वाराही सुटला आहे म्हणाले.

"पुरात नाव घालणाऱ्या माणसाले ह्या वाऱ्याचं काय?" गणपतराव म्हणाले.

महादेवरावांनी आशेने सुभद्राबाईंकडे पाहिलं. बायकोला पाण्याची भीती वाटते, असं सांगता आलं असतं. पण सुभद्राबाई वेणी माळून केव्हाच दारात उभ्या होत्या.

तलावाचं पाणी शिसवी रंगाचं झालं होतं आणि लाटा काठाच्या दगडांवर चपराका देत होत्या. होडीवाला आपण सोबत येतो म्हणत होता. महादेवराव त्याला जागा करून देणार, तेवढ्यात गणपतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि आमचे व्याही कोण आहेत हे त्याला नीट समजावून सांगितलं. होडीवाल्याने महादेवरावांना नखशिखांत न्याहाळलं आणि फार आत जाऊ नका एवढंच म्हटलं.

महादेवरावांनी वल्ही धरली. आयुष्यभर मागावर उजव्या हाताने दोरी ओढून धोटा पळवलेला, त्यामुळे उजवं वल्हं जोरात चाले आणि डावं नुसतं पाणी चाळवी. होडी जागच्या जागी गोल फिरू लागली. काठावरची भेळेची गाडी गणपतरावांना चारदा दिसली.

"हे काय करून राहिले, इवाईबुवा?"

"पाण्याचा अंदाज घेऊन राहिलो," महादेवराव म्हणाले. गणपतरावांनी पत्नीकडे पाहून मान हलवली, की बघ, जाणकार माणूस असा असतो.

इतक्यात टपोरे थेंब पडू लागले. नव्या लुगड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या मैनाबाईंनी घाईघाईने छत्री उघडली. छत्री गणपतरावांची, शेतावरची, चारजण मावतील एवढी. वाऱ्याने ती पोटभर फुगली, मैनाबाईंनी दांडा दोन्ही हातांनी आवळला, आणि गोल फिरणारी होडी एकदम नाक उचलून सरळ सुटली. धक्क्याने डावं वल्हं महादेवरावांच्या हातून निसटलं आणि बघता बघता मागे राहिलं.

होडी लाटांवरून उड्या घेत निघाली. पाण्याचे सपकारे तोंडावर बसत होते. गणपतराव उभे राहायला बघत होते आणि पटात बैलांना घालावी तशी आरोळी घालत होते. काठावर लोक गोळा होऊन हात करत होते. ते आपलंच कौतुक चाललं आहे असं समजून गणपतरावांनीही त्यांना हात केले. मैनाबाई छत्री सोडेनात, कारण छत्री सोडली तर लुगडी भिजणार. सुभद्राबाईंचा पदर उडत होता, डोळे चमकत होते, आणि नवऱ्याने लग्नानंतर त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

पोरीच्या सासू-सासऱ्यांना आपण बुडवणार, याबद्दल महादेवरावांच्या मनात मात्र शंका उरली नव्हती. शेवटी त्यांनी गणपतरावांचं धोतर पकडलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

"इवाईबुवा, मले नाव चालवता येत नाही. वैनगंगेत मी नावेत बसलो होतो तो मायच्या मांडीवर. तेव्हा मले दातबी आले नव्हते."

गणपतरावांनी महादेवरावांच्या पाठीवर अशी थाप मारली, की दुसरं वल्हंही पाण्यात गेलं.

"पाहा वं," ते बायकोला म्हणाले, "इतकी कला अंगात, अन् बोलणं पाहा. मी असतो तर गावभर सांगत फिरलो असतो."

होडी पल्याडच्या काठाला गवतात घुसली आणि चिखलात रुतून थांबली. चौघेही जिवंत होते आणि लुगडी कोरडी होती. पाऊस ओसरल्यावर होडीवाला दुसरी होडी घेऊन धापा टाकत आला. या वाऱ्यात इथपर्यंत आजवर एक माणूस आलेला नाही, असं तो संतापाने म्हणाला. गणपतरावांनी ते जसंच्या तसं लक्षात ठेवलं.

संध्याकाळी एसटी सुटता सुटता त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि आपला बेत सांगितला. लग्न रामटेकला आहेच, तर आपल्या पोराची, चंद्रभानची, वरात बैलगाडीतून कशाला? खिंडसीच्या तलावातून आणायची. नवरदेव नावेत, वाजंत्री नावेत, आणि वल्ह्यावर खुद्द मुलीचे वडील. अख्खं कळमेश्वर बघायला येईल. महादेवराव काही बोलणार, तोवर एसटी वळणाआड गेली होती.

दोघं घराकडे चालू लागली.

"खरं सांगून टाका ना त्याइले," सुभद्राबाई म्हणाल्या.

"सांगतलं ना. भर तलावात सांगतलं. याहून खरं कसं सांगू?"

आणखी थोडं चालल्यावर महादेवरावांनी विचारलं, उद्या पहाटे होडीवाला भेटेल का.

"भेटते," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमी चिखलाचे पाय धुऊन राहिले होते, तवाच मी त्याले विचारून ठेवलं. पण तो एकाचीच शिकवणी घेतो म्हणे."

"मंग?"

"मंग तुमी छत्री धरा," सुभद्राबाई म्हणाल्या आणि पदर खोचून झपाझप पुढे निघाल्या.