नाना सायकलवरून उतरतात

नाना स्वतःचे केस स्वतः कापत. समोर एक आरसा, पाठीमागे खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला दुसरा आरसा, आणि हातात पत्रा कापायची कात्री. एवढ्या तयारीतून जे डोकं बाहेर पडे ते पाहिल्यावर आमच्या गल्लीतली कुत्री भुंकायची थांबत आणि विचारात पडत. कोपऱ्यावर सुकदेवचं सलून होतं. नाना दुकानावरून गेले की सुकदेव वस्तरा खाली ठेवून डोळे मिटून घेई. गिऱ्हाईक साबण लावलेल्या गालांनी तसंच बसून राही. तो दुखवटा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“आपलं आपण,” हे नानांचं पालुपद. घराला चुना आपलं आपण, गादीचा कापूस पिंजणं आपलं आपण, वांग्याचं भरीतही आपलं आपण. एकदा दाढही त्यांनी पान्ह्याने उपटली असं जळगावात बोललं जातं. मी शेजारी आहे, खोटं बोलणार नाही. पान्हा नव्हता, पकड होती.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गेल्या तेव्हाही तेच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला नानांनी स्वतः चहा करून पाजला. त्यांच्या पाठीवर हात ठेवायला म्हणून मी पुढे झालो, तर त्या हातात त्यांनी कप दिला. त्या तेरा दिवसांत गल्लीने इतका चहा प्यायला की अर्धी गल्ली पित्ताने आजारी पडली, पण नानांच्या पाठीला कुणाचा हात लागला नाही. मुलगी सुनंदा लग्न होऊन धुळ्याला. घरात नाना आणि दोन आरसे.

अशा माणसाच्या नशिबात ती सायकल आली.

झालं असं की सूतगिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर नानांना शिरपूरकडे एका नव्या गिरणीत मशीन बसवायला बोलावलं. मशीनबरोबर परदेशातून एक इंजिनिअर आला होता आणि इंजिनिअरबरोबर त्याची डोंगरात चालवायची सायकल. टायर ट्रॅक्टरच्या भाचीसारखे. गिअर इतके की मोजायला बसलेला माणूस जेवायला उठायचा. दर रविवारी हा गोरा साहेब सातपुड्यात चढून जाई. पाड्यावरची माणसं त्याला खाट टाकून देत, पाणी देत. एवढा धडधाकट माणूस सायकलवर आला म्हणजे बस चुकली असणार, असा त्यांचा हिशेब.

जाताना साहेबाने ती सायकल नानांना देऊन टाकली. का दिली, तर पाय. नानांच्या पायाच्या मापाची वहाण अख्ख्या खानदेशात मिळत नसे. मोची माप घ्यायचा आणि चामड्याऐवजी म्हशीची चौकशी करायचा. त्यामुळे नाना जन्मभर टायरचे तळवे कापून वहाणा करत आले, अर्थात आपलं आपण. साहेबाचे सायकलचे बूट त्यांनी गंमत म्हणून पायात घातले आणि ते चपखल बसले. साठीला आलेला माणूस, पहिल्यांदा पायात मावणारा बूट. नाना बराच वेळ खाली बघत उभे होते म्हणे.

आता या बुटांची गोम ऐका. तळव्याला लोखंडी खिळी. पाय दाबला की ती पेडलच्या जबड्यात ‘खट’ करून बसते. मग पाय आणि पेडल एकच. सुटायचं तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची, पाय मोकळा. साहेबाने हे हातवारे करून सांगितलं आणि नानांना ते पक्कं समजलं. पण पेडलला एक बारीक स्क्रू होता. जबडा किती घट्ट धरणार ते त्याच्यावर ठरे, आणि साहेबाने तो ढिला ठेवला होता. जन्मभर गिरणीतले ढिले स्क्रू आवळत आलेल्या फिटरला ते कसं बघवणार? जळगावला आल्या आल्या नानांनी दोन्ही स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत पिळले, वर एक एक थेंब तेल दिलं, आणि आपल्या सापळ्यात आपण पाय घातला.

चालवायला काही अडचण नव्हती. सायकल वाऱ्यासारखी पळे. प्रश्न थांबण्याचा होता. पहिल्या दिवशी रेल्वेचं फाटक बंद मिळालं. नाना थांबले. टाच फिरवली, फिरेना. ते पडले नाहीत. पडणं पटकन होतं. नाना हळूहळू कलले, एखादं सरकार कलतं तसे, आणि केळीच्या हातगाडीवर जाऊन पसरले. वरून शेजारी उभ्या दूधवाल्याचा कॅन लवंडला. फाटक उघडेपर्यंत रस्त्यावर शिकरण तयार होतं, साखरेपुरतं अडलं.

लोकांनी सांगून पाहिलं की नाना, साधे पेडल बसवून घ्या. नाना म्हणाले, “पायात मावणारा बूट साठ वर्षांनी भेटला, तो काय कपाटात ठेवायला?” रोज नवीन ठिकाणी पडत राहिले. कोपर, गुडघे, हनुवटी. गल्लीतली आयोडिनची बाटली त्यांच्याकडेच मुक्कामाला गेली.

मग एका सकाळी सलूनपुढे सायकल कलायला लागली आणि समोर सुकदेव उभा होता. नानांच्या तोंडून आयुष्यात न निघालेला शब्द निघाला.

“धर रे भो.”

सुकदेवने धरलं. नाना त्याच्या खांद्यावर हात टेकून उभे राहिले, बुटाचे बंद सोडले, पाय बाहेर काढले आणि मोज्यांवर खाली उतरले. बूट पेडललाच लटकत राहिले.

“नाना, हाऊ मना खांदा शे का खुटा?” सुकदेवने विचारलं. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, पण हात काढला नाही.

तेव्हापासून पद्धतच पडली. सकाळी निघाले की पिठाच्या गिरणीपाशी एक खांदा, दूधवाल्यापाशी एक, सुकदेव, आणि शेवटी माझ्या ओट्यापाशी मी. लांबून घंटी वाजे, पाठोपाठ “धर रे भो”, की आम्ही हातातलं टाकून बाहेर. दूधवाल्याचा खांदा एका बाजूने उतरला आहे तो कॅनमुळे असं तो सांगतो. खरं कारण मी सांगितलं.

पण जळगावात पडलेला माणूस, उशिरा का होईना, धुळ्याला ऐकू जातो. सुनंदाचा आमच्या कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर फोन आला. मला बोलावून घेतलं. तिचं म्हणणं नेमकं होतं. बाबा एकटे राहतात ते मी सोसलं, आता हाडं मोडून घेतायत. त्यांना म्हणावं, घराला कुलूप लावा आणि धुळ्याला या. मग नाना फोनवर आले आणि बरंच काही बोलले. शेवटी ठरलं ते असं: येत्या रविवारी नाना जळगावहून धुळ्याला सायकलवर येणार आणि तिच्या दारात स्वतः उतरणार. कुणी धरायचं नाही. जमलं, तर ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर सायकल विकायची आणि नानांनी धुळ्याला राहायला जायचं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “नाना, उतरणार कसे?”

“आपलं आपण,” नाना म्हणाले. पण आवाज जरा खाली होता.

रविवारी उजाडताना निघालो. साक्षीदार म्हणून मी माझ्या लूनावर मागे. पुढची हकिगत मी लूनाची बाजू घेऊन सांगू शकत नाही. एरंडोलपर्यंत आम्ही बरोबर होतो. एरंडोलला लूनाचा प्लग मेला, आणि नाना एका ट्रकला मागे टाकून दिसेनासे झाले. ट्रक चालू होता का उभा, या तपशिलात मी शिरत नाही. प्लग घासून, लूनाच्या पाया पडून मी पारोळ्याच्या अलीकडे पोचलो, तेव्हा नाना लांब एका हापशीकडे वळताना दिसले. आसपास चिटपाखरू नव्हतं. धरायला कुणी नाही. मी लूना सोडून ओरडणार होतो.

नानांनी ब्रेक दाबला. टाच फिरवली. खट. पाय जमिनीवर. दुसरी टाच, खट. देवळाबाहेर चप्पल काढावी इतक्या सहज. मग हापसून पाणी प्यायले, आणि मागे वळले तर मी उभा.

“कधीपासून येतं?” मी विचारलं.

“स्क्रू ढिला केला ना. दिवाळीत.”

आता होळी जवळ आली होती. “मग इतके दिवस आमचे खांदे?”

नानांनी तोंडावर पाणी मारलं, बराच वेळ मारत राहिले. “चल,” म्हणाले, “ऊन चढेल.”

धुळ्यात सुनंदाच्या गल्लीत गणपतीच्या मिरवणुकीला नसतात एवढी माणसं. तिचे सासरे दोन्ही हात पसरून झेलायच्या तयारीत. सुनंदा दारात, तिने त्यांना मागे घेतलं. “कुणी धरायचं नाही,” ती म्हणाली, आणि तिनेच स्वतःचे हात पदरात गुंडाळून घेतले.

नाना आले. दारापुढे सायकल थांबवली आणि पाय न टेकता तशीच उभी ठेवली. किती वेळ? चहा होऊन, गाळून, बशीत ओतून निवला असता.  समोरच्या गच्चीवरच्या बाईने देवाचं नाव घेतलं. मग खट. आणि खट. नाना आपल्या मापाच्या बुटांवर धुळ्याच्या जमिनीवर उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी सायकलला झेंडूची माळ घातली, आणि सासऱ्यांनी, तयारी फुकट जायला नको म्हणून, मलाच मिठी मारली. सुनंदाने बापाचं एकेक कोपर उलटून पाहिलं. नवी खरचट नव्हती.

“जिंकलात,” ती म्हणाली. “राहा तिकडेच.” आणि खापरावरच्या पुरणपोळ्या उलटायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी सायकल आणि लूना एस.टी.च्या टपावर टाकून आम्ही परतलो. आत नाना खिडकीशी, राजासारखे. जळगावला उतरल्याबरोबर मी पहिला सुकदेवच्या दुकानात गेलो. म्हटलं, बातमी आहे, नानांना उतरता येतं.

सुकदेव वस्तऱ्याला धार लावत होता. “माहीत शे,” तो म्हणाला. “बठ्ठास्ले माहीत शे. दिवायीपासून.”

“सगळ्यांना माहीत, आणि बोलला नाहीस?”

“बोलीसन काय करू? सकायले हात पडस खांदावर. बरं वाटस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी ऐकू आली. मी उठलो नाही. म्हटलं, आता सगळ्या धुळ्याने पाहिलं, कसलं धरायचं. घंटी पुन्हा वाजली. जरा वेळाने पुन्हा. खिडकीतून पाहिलं तर नाना माझ्या ओट्यासमोरच्या निंबाभोवती गोल गोल फिरत होते. थांबत नव्हते, जातही नव्हते.

मी चहा तसाच ठेवून बाहेर गेलो आणि नेहमीच्या जागी उभा राहिलो.

“धर रे भो,” नाना म्हणाले आणि हात टेकला.

“हात जड झालाय नाना तुमचा,” मी नेहमीसारखी कुरकुर केली.

“वजन कमी करू,” नाना म्हणाले. “आपलं आपण.”

हात तिथेच होता.