मोगऱ्याची काळी पाकळी

एका जंगलात एक सिंह राजा होता. दरवेळी सिंहच का, असं विचारू नका. मी विचारलं होतं, तेव्हापासून मला दरबारात बोलावत नाहीत.

तर बाळांनो, या महाराजांना दरबार भरवायला पाणवठ्याकाठची जागा आवडली. तिथं एक बाभूळ होती. बाभळीवर सुगरण पक्षिणीची घरटी होती आणि घरट्यांत पिल्लं. हत्ती बाभूळ उपटायला आला तेव्हा सुगरण महाराजांच्या पाया पडली. महाराज दयाळू होते. ते म्हणाले, दरबारासाठी एक गालिचा विणून दे. मनासारखा झाला तर बाभूळ राहील.

मेंढ्यांनी लोकर दिली. म्हणजे, नाही म्हणायची सोय नव्हती. सुगरणीनं चोचीनं एकेक गाठ मारत गालिचा विणला. मध्ये सिंह, त्याच्या पायाशी हरीण, कोपऱ्यांत कमळं आणि काठाला पांढऱ्याशुभ्र मोगऱ्याची रांग.

आता सुगरणींची एक रीत होती. काम कितीही सुरेख होवो, एक गाठ मुद्दाम चुकवायची. बिनचूक फक्त देवानं करावं, पाखरानं आपली पायरी ओळखावी. म्हणून तिनं मोगऱ्याची एक पाकळी काळी केली.

गालिच्याचा अर्थ सांगायला बगळेशास्त्री आले. त्यांनी एका पायावर उभं राहून सांगितलं की सिंह म्हणजे पराक्रम, कमळ म्हणजे निर्मळ मन आणि पायाशी बसलेलं हरीण म्हणजे प्रजेचा राजावरचा विश्वास. सगळ्यांनी माना डोलावल्या. खऱ्या हरणांनीही डोलावल्या, पण जरा लांबून.

तेवढ्यात महाराजांना काळी पाकळी दिसली. ही काय भानगड आहे, असं त्यांनी विचारलं. हत्तीनं बाभळीकडे पाहिलं. सुगरण चूक कबूल करणार, इतक्यात शास्त्रीच घाईनं पुढे झाले. घाई का, तर सगळ्याचा अर्थ सांगून झाल्यावर एक पाकळी बिनअर्थाची राहिली, तर त्यांना कोण विचारणार?

"महाराज, ही तीट आहे," ते म्हणाले. "आपल्याला दृष्ट लागू नये म्हणून."

महाराज इतके खूश झाले की बाभूळ तर वाचलीच, वर दुसऱ्या गालिच्याचा हुकूम निघाला. त्यात प्रत्येक मोगऱ्याला काळी पाकळी हवी. शिवाय जंगलातल्या खऱ्या मोगऱ्यांनीही मागे राहू नये, म्हणून माकडं काजळी घेऊन रोज सकाळी फुलं रंगवत फिरू लागली. वास गेला. पण वासाला अर्थ नसतो, असं शास्त्री म्हणाले.

सुगरणीनं दुसरा गालिचा विणला. फूल आलं की पाकळी काळी, पुढचं फूल, पुन्हा पाकळी काळी. शेवटचं फूल आलं आणि तिला रीत आठवली. एक गाठ चुकवायला हवी. शहाणी असती तर तिनं सिंहाची शेपूट आखूड केली असती. पण चोच सवयीची गुलाम! तिनं ते फूल पूर्ण पांढरं ठेवलं.

भर दरबारात शास्त्रींची नजर नेमकी तिथंच गेली. या फुलाला तीट नाही, म्हणजे महाराजांना दृष्ट लागावी म्हणून मुद्दाम ठेवलेली फट आहे, असं ते म्हणाले.

"शास्त्रीबुवा," सुगरण म्हणाली, "मोगरा पांढराच असतो."

सगळ्यांनी आजूबाजूच्या मोगऱ्याकडे पाहिलं. एकही फूल पूर्ण पांढरं नव्हतं. सुगरण खोटं बोलते, असं एकमतानं ठरलं. माकडंसुद्धा गप्प राहिली, आणि त्यांच्या हाताला तर काजळी तशीच होती. मला अजून त्यांचा राग येतो.

हत्तीनं बाभूळ उपटली. सुगरण दोन पिल्लं चोचीत धरून नेऊ शकली. बाकीची तिथंच राहिली.

बगळेशास्त्रींनी त्या शेवटच्या फुलाची एक पाकळी काळी करून घेतली. त्या गालिच्यात आता एकही चूक नाही.

तात्पर्य : चूक झाली तर घाबरू नका, बाळांनो, तिला अर्थ सापडतो. फक्त बरोबर करताना सापडू नका.