पाव फेऱ्याचा उपाय

ओल्डरप गावात आजवर कोणी कोणाला फसवलेले नाही. फसवले जात असल्याचा संशय मात्र रोज सकाळी, धान्याच्या कोठाराशेजारच्या कॅफेत, कॉफीबरोबर घेतला जातो.

त्या सोमवारी संशय घेण्याचा मान हार्लन टोफ्टेचा होता. त्याच्या पिकअपचे स्टिअरिंग महिनाभर स्वतःच्या मताने वागत होते. सरळ रस्त्यावरसुद्धा हार्लनला ते सारखे डावी-उजवीकडे हलवत बसावे लागे. लांबून बघणाऱ्याला वाटे, म्हातारा ताक घुसळतोय. शेवटी बायकोने, आर्लीसने, निकाल दिला. शनिवारच्या मिरवणुकीत चर्चच्या बायकांचा चित्ररथ ओढायचा असेल तर गाडी धड असली पाहिजे. नाहीतर रथ तिचा भाऊ ड्वेन ओढेल. ड्वेन दर दोन वर्षांनी नवी पिकअप घेई आणि मधली दोन वर्षे तिच्याबद्दल बोलत राही. हार्लन चुपचाप गाड्यांच्या डीलरकडे गेला.

तिथे सर्व्हिसच्या टेबलावर रोंडा होती. तिने गाडी वर उचलून दाखवली. पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट झिजलेत, टाय रॉडही गेलेत, मजुरीसकट तेवीसशे डॉलर होतील, असे तिने सांगितले. हार्लन म्हणाला, "हं. विचार करण्यासारखं आहे." ओल्डरपमध्ये याहून कडक शब्दांत कोणी नकार दिल्याचे ऐकिवात नाही.

कॅफेत न्यायमंडळ बसलेलेच होते. डेलबर्टने उभी हयात कोठारात धान्य तोलले होते, त्यामुळे कुठल्याही वस्तूचे वजन आणि भाव यांवर त्याचा शब्द अखेरचा. लिरॉय शेतकरी, त्याचे ट्रॅक्टर रोंडापेक्षा वयाने मोठे होते. तिसरे चर्चचे पाळक एनग्रेन. ते शहरातून आलेले असल्यामुळे यंत्रांच्या बाबतीत सगळ्यांना जोरात दुजोरा देत.

"तेवीसशेत," डेलबर्ट म्हणाला, "स्टिअरिंगबरोबर ड्रायव्हरपण द्यायला हवा तिने."

"अरे, काही नसतं त्याला," लिरॉय म्हणाला. "स्टिअरिंग बॉक्सच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. पाव फेरा आवळायचा, विषय संपला. माझ्या बापाने जन्मभर दुसरं काही केलं नाही."

"पाव फेरा," पाळकसाहेब म्हणाले. हे त्यांनी प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणतात त्या सुरात म्हटले.

हार्लनने मात्र तत्त्व जाहीर केले. भाव उतरेपर्यंत गाडीला कोणीही हात लावायचा नाही. डीलरला दोनचार दिवस वाट बघायला लावली की तो आपोआप खाली येतो, आपण उभ्या आयुष्यात पूर्ण भाव दिलेला नाही, आणि त्या रोंडाच्या तेवीसशेत किमान हजार नुसते फुगवलेले आहेत हे आपण तिच्या चेहऱ्यावरच वाचले आहे, असे त्याने आख्ख्या कॅफेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. म्हणजे आता प्रश्न गाडीचा उरला नाही, हार्लनच्या शब्दाचा झाला.

ओल्डरपमध्ये मदत करण्याची एक रीत आहे. थंडीत तुम्ही सकाळी दार उघडता तर अंगणातला बर्फ कोणीतरी बाजूला केलेला असतो. कोणी केला हे विचारायचे नाही आणि करणाऱ्याने सांगायचे नाही. आभार मानले गेले तर दोघांनाही दिवसभर अवघडल्यासारखे होते. शिवाय गावात पिकअपला कुलूप लावणे हा शेजाऱ्यांचा अपमान समजला जातो.

त्यामुळे मंगळवारी हार्लन केस कापायला गेला असताना डेलबर्टने त्याच्या गाडीचे बॉनेट उघडले आणि तो स्क्रू पाव फेरा आवळला. बुधवारी गाडी पोस्टाबाहेर दिसली तेव्हा लिरॉयने आवळला. पाव फेरा त्याच्या बापाच्या काळातल्या गाड्यांना पुरे होता, आताच्यांना अर्धा लागणार, असा त्याने अंदाज बांधला. गुरुवारी चर्चमध्ये चित्ररथाचे काम चालले होते. हार्लन आत कागद चिकटवत असताना पाळकसाहेब पाना घेऊन बाहेर आले. पाव फेरा म्हणजे नेमका किती, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी श्रद्धेने, हात थांबेपर्यंत आवळला.

शुक्रवारी हार्लन कॅफेत आला तो विजयी मुद्रेने. स्टिअरिंग आपोआप बसले होते. जरासे जड लागत होते, पण जड म्हणजे मजबूत. "बघितलंत?" तो म्हणाला. "हात लावला नाही कोणी. त्या रोंडाचं ऐकलं असतं तर गेले होते तेवीसशे." तिघांनी आपापल्या कपात बघून मान हलवली. प्रत्येकाच्या मनात एकच गोड गुपित होते आणि ते फक्त आपलेच आहे अशी प्रत्येकाची खात्री होती.

शनिवारी मिरवणूक निघाली. यंदा बायकांनी जाळी आणि चंदेरी कागद यांची कॉफीची किटली केली होती, घराएवढी. तिच्या नळीला हात लावून आर्लीस उभी होती. पुढे हार्लन, मागे शाळेचा बँड, त्यामागे जुने ट्रॅक्टर, त्यामागे अग्निशमनाचा बंब. कोठारापर्यंत सगळे रीतसर पार पडले. तिथे उजवीकडे वळायचे होते. हार्लन वळला.

वळल्यानंतर चाक सरळ करावे लागते. हार्लनने जोर लावला. मग दोन्ही हातांनी लावला. मग गुडघा लावला. स्टिअरिंग जिथे होते तिथेच राहिले, गाडी उजवीकडे जात राहिली, आणि कोपऱ्यावरच्या डीलरच्या उघड्या फाटकातून किटलीसकट आत शिरली.

"हार्लन, कुठे निघालास तू?" वरून आर्लीसने विचारले.

"बघू," हार्लन म्हणाला.

बँडला रथामागे जायला सांगितले होते, ते गेले. ट्रॅक्टर बँडमागे गेले. बंबवाल्यांना वाटले यंदा मार्ग बदललाय. गाडी कशीबशी सर्व्हिसच्या दारात थांबली तेव्हा आख्खी मिरवणूक डीलरच्या आवारात उभी होती आणि बँड अजून वाजवत होता.

रोंडाने बॉनेट उघडून बघितले. "बॉक्स गेला," ती म्हणाली. "फार आवळलाय. कोणी हात लावला होता का?"

"काय बोलतेस? माझ्या गाडीला कोणी हात लावत नाही," हार्लन म्हणाला.

जवळच डेलबर्ट, लिरॉय आणि पाळकसाहेब उभे होते. तिघेही किटली न्याहाळत होते. तेवढ्यात ड्वेनने आपली पिकअप मागे घेत आणली, रथ जोडला आणि नेला. गाडीत मागे कॅमेरा असल्यामुळे हे किती सोपे जाते, तेही त्याने जाता जाता सांगितले. हार्लनने निमूटपणे चावी रोंडाच्या हातात दिली. जुने काम अधिक नवा बॉक्स, असे एकतीसशे होतील, असे ती म्हणाली. या वेळी हार्लनने विचार करण्यासारखे काही आहे असे म्हटले नाही.

सोमवारी कॅफे उघडायच्या आधी डेलबर्ट डीलरकडे जाऊन बॉक्सचे आठशे भरून आला. हार्लनला कळता कामा नये, कोणालाच कळता कामा नये, असे त्याने रोंडाकडून वचन घेतले. दुपारी लिरॉय आला. त्याने आठशे भरले आणि तेच वचन घेतले. बॉक्सचे पैसे आलेत असे त्याला सांगणे म्हणजे डेलबर्टचे वचन मोडणे, म्हणून रोंडाने घेतले. मंगळवारी पाळकसाहेब आले. पाळकाला दिलेले वचन तर मोडताच येत नाही. रोंडा ओल्डरपचीच होती. तिने तिन्ही रकमा मुकाट्याने हार्लनच्या बिलातून वजा केल्या.

गुरुवारी हार्लन कॅफेत आला तो खुर्ची उलटी फिरवून बसला.

"सातशे," तो म्हणाला. "एकतीसशे सांगितले होते. तोंडातून चकार शब्द काढला नाही मी, नुसता बघत राहिलो तिच्याकडे. सातशेवर आली. वर नवा बॉक्स." त्याने तिघांकडे आळीपाळीने बघितले. "डेलबर्ट, तुझा गिअरबॉक्स आवाज करतो ना? चल, मी येतो बरोबर. तुम्हां लोकांना ठाम राहायला जमत नाही, हीच तर अडचण आहे."

डेलबर्टने लिरॉयकडे बघितले नाही. लिरॉयने पाळकसाहेबांकडे बघितले नाही. पाळकसाहेबांनी आणखी थोडी कॉफी मागवली.

पहिला तेवीसशेचा अंदाज वाजवी होता.