तात्यांचा वैधानिक इशारा

नाशिकला शालीमारपाशी माझा छापखाना आहे. चिवड्याची पाकिटं, बेदाण्याचे खोके, वाइनच्या बाटल्यांची लेबलं, जे येईल ते छापतो. दारूचं लेबल करायला आलेला प्रत्येक माणूस मला हळूच एकच गोष्ट सांगतो, "शेठ, तो वैधानिक इशारा जरा बारीक करा ना. नियमात बसेल एवढाच." याला अपवाद एकटे तात्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नमुन्यावर बोट आपटलं.

"हे 'मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे' एवढंसं का? लाज वाटते का तुम्हाला? मोठं करा!"

"तात्या, बिअर तुमचीच आहे ना?"

"म्हणूनच सांगतोय. लांबून दिसलं पाहिजे."

आता अशा माणसापुढे डोकं फोडून घ्यायचं की मशीन सुरू करायचं, तुम्हीच सांगा. मी मोठं केलं.

तात्यांची नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणीच्या खात्यात झाली. चिठ्ठी लावलेली नसेल तर सुट्या भागाला हात लावायचा नाही, ही तिथली शिस्त. निवृत्त होताना ती त्यांनी घरी आणली. टूथपेस्ट असो की हिंगाची डबी, मागचं-पुढचं सगळं वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. पुतण्याने, संदीपने, दिंडोरीकडे क्राफ्ट बिअरचा छोटा कारखाना काढला आणि तात्या त्यात भागीदार झाले. चव बघणं आणि लेबल बघणं ही दोन्ही खाती त्यांनी स्वतःकडे घेतली.

बिअर त्यांना लागते ती कडक. हलकी बिअर पुढे केली की म्हणतात, "ग्लास विसळलेलं पाणी मला कशाला देता?"

एकदा संदीप आम्हाला गंगापूर रोडला एका झकपक ठिकाणी घेऊन गेला. तिथे बिअर नळातून येते. वेटर मोठा हौशी होता. म्हणाला, "सर, हिच्यात संत्र्याची साल लागेल, मग कॅरॅमल, आणि शेवटी थोडासा धूर."

"धूर? अग्निशमनवाल्यांना बोलावू का? कडू आहे की नाही तेवढं सांग."

"कडू आहे, सर."

"कडक?"

"एकदम."

"शाब्बास. आता लेबल दाखव."

नळाच्या बिअरला लेबल कुठून आणायचं? तो बिचारा मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने हात जोडले. तात्या काही बधले नाहीत. आम्ही दोघं कडक बिअर पीत होतो आणि हा गृहस्थ लिंबू सोड्याची बाटली हातात धरून तिचं लेबल आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत होता. शेजारच्या टेबलावरची मंडळी आम्हाला देणगी मागायला आलेले समजली असावीत.

तर अशा माणसाचं लेबल उत्पादन शुल्क खात्यातल्या मॅडमकडे मंजुरीला गेलं. पहिल्या खेपेला परत आलं, कारण तात्यांनी त्यावर 'दिवसभराचा शीण घालवते' असं लिहिलं होतं. दारूने तब्येतीला फायदा होतो असं लेबलवर म्हणता येत नाही.

"पण शीण घालवते ना?" तात्यांनी मला विचारलं.

"घालवते हो. पण लिहायचं नाही."

"बरोबर आहे. नियम म्हणजे नियम." आणि चक्क खुशीत आले. "त्या मॅडमनी सगळं नीट वाचलेलं दिसतंय. हल्ली कोण वाचतं एवढं?"

दुसऱ्या खेपेला त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपून एक पिवळट पडलेला चिकट कागद आणला. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, 'एकच. आणि लगेच जेवून घ्या.' ही ओळ म्हणे इशाऱ्याच्या बरोबर वर पाहिजे. मी आपला शहाणपणा करून ती सुबक टायपात बसवली. तात्या भडकले.

"हे कुणी सांगितलं होतं? आहे तस्संच छापायचं."

"अहो, त्यातला 'घ्या' खाली घसरलाय."

"घसरू दे!"

छापलं बुवा घसरलेलं. मॅडमनी तेही परत पाठवलं. इशाऱ्याजवळ घरगुती सल्ले चालत नाहीत, ती ओळ काढा, बाकी सगळं ठीक आहे. मला वाटलं, तात्या आता 'नियम म्हणजे नियम' म्हणतील. ते म्हणाले, "मग राहू दे बिअर." आणि छत्री उचलून चालते झाले.

चार दिवसांनी संदीपचा फोन आला. रडकुंडीला आला होता. "काका, टाकी भरलेली हाय, बाटल्या धुऊन तयार हायेत, अन् तात्या लय आडून बसलेत. कागदावर सही करीना. एका ओळीपायी माझा धंदा बसायचा. तुम्हीच समजवा त्यांना."

माझं टाळकं सरकलं. तात्यांना चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून सातपूरला त्यांच्या घरी गेलो. तोवर त्यांच्या घरी जायची वेळ कधी आली नव्हती. तात्या चहाच्या मागे होते. म्हणाले, "आलाच आहात तर साखरेचा डबा काढा जरा."

मी फळीकडे पाहिलं. प्रत्येक डब्याला चिठ्ठी होती. 'साखर.' 'मीठ. साखर नव्हे!' 'गूळ. झाकण घट्ट लावा.' गिझरच्या बटणाखाली 'बंद केला का?' औषधाच्या डबीवर 'गोळी घ्या.' त्यातला 'घ्या' खाली घसरलेला. आणि फ्रिजच्या दारावर चौकोनी डाग, काहीतरी सोलून काढल्याचा.

मी डबा हातात धरून तसाच उभा राहिलो. "काकूंचं अक्षर?"

"हं. दोन वर्षं झाली तिला जाऊन." तात्या चहाकडेच बघत होते. "तिला बिअरचा वाससुद्धा चालायचा नाही. पण हा बाबा ऐकणार नाही, हे माहीत होतं. म्हणून फ्रिजवर ते चिकटवलं. शनिवारी बाटली काढली की आधी मोठ्याने वाचायला लावायची, मगच उघडू द्यायची. सरकारचा इशारा सरकारच्या जागी बरोबरच आहे हो. पण माझा इशारा तो होता."

सुनवायचे चार शब्द कुठे गेले कोण जाणे. चहा पिता पिता मात्र माझ्यातला छापखानेवाला जागा झाला.

"तात्या, लेबलचा नियम बाटलीला. बाटलीखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकतीला थोडाच आहे?"

तात्यांचे डोळे चमकले. पण विचारल्याशिवाय पाऊल टाकतील तर ते तात्या कसले! दुसऱ्या दिवशी मला घेऊन मॅडमच्या टेबलासमोर हजर. मॅडमनी चकतीचा नमुना दोन्ही बाजूंनी पाहिला. "यावर बिअरचं नाव नको, कंपनीचं नको. नुसती ही ओळ असेल तर माझी काही हरकत नाही." मग पुन्हा एकदा वाचलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "आमच्या घरी फ्रिजवर लावायला हवं हे." ती ओळ काढलेल्या लेबलच्या कागदावर तात्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

पहिल्या बाटल्या आल्या त्या शनिवारी तात्यांनी मला घरी बोलावलं. आधी अख्खं लेबल वाचलं, माझा तो दांडगा इशारा तर ठणकावून. मग चकती वाचली. मग झाकण उघडलं. बिअर काय झाली होती म्हणून सांगू! कडू, दाट आणि अशी कडक की कान गरम झाले. ग्लास संपला आणि माझा हात आपोआप दुसऱ्या बाटलीकडे गेला. तात्यांनी चकती माझ्याकडे सरकवली.

"एकच," मी वाचलं.

"पुढचंही वाचा."

"आणि लगेच जेवून घ्या."

"पहिलं मी पाळतो हो," तात्या म्हणाले. "दोन वर्षांत दुसरी बाटली उघडलेली नाही. दुसरं मात्र पाळवत नाही. एकट्याने ताट वाढून घ्यायचं जिवावर येतं. पुष्कळदा तसाच झोपतो." मग घाईघाईने उठले. "पिठलं केलंय. बरं झालंय की नाही, माहीत नाही."

माझ्या घरी स्वयंपाक झालेला होता. मी बायकोला फोन करून सांगितलं, की मी इथेच जेवतोय, आणि पुढच्या शनिवारी तात्या आपल्याकडे येतील. मग फळीवरून दोन ताटं काढली आणि मिठाचा डबा उचलला, चिठ्ठी वाचून.