नकाशात नसलेला तलाव

नीलिमा पक्षी मोजायला दोन दिवस रायपूरबाहेर गेली, तेवढ्यात तिच्या वडिलांनी, लहानूजींनी, तिच्या घरच्या टेबलावरचा नकाशा परस्पर लॅमिनेट करून विहाराच्या व्हरांड्यात टांगला. लेकीने बनवलेलं '२०५० सालचं रायपूर' सगळ्या पाऱ्याने, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याने, पाहायला नको?

नीलिमाने शंकर नगरच्या आपल्या नगररचना ऑफिसात असे तीन नकाशे केले होते. शहर असंच पसरलं तर काय उरेल, थोडं सावरलं तर काय, आणि तळी-पाखरं जपून वाढलं तर काय. लहानूजींच्या हाती लागला तो पहिला, म्हणजे सगळ्यात वाईट.

"काकाजी, याच्यात आपला तलाव कुठी हाय?" शेजारच्या वनमालाबाईंनी विचारलं. तलावाच्या जागी राखाडी रंग होता, आणि राखाडी म्हणजे कारखाने, असं खालीच लिहिलं होतं.

लहानूजींनी लेकीला फोन लावला. "काहून वं, २०५० मदी तलाव नाई काय?"

"या नकाशात नाही, बाबा. पण ऐका ना..." आणि रेंज गेली.

पस्तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. नकाशातली रेघ एक दिवस रूळ होऊन जमिनीवर येतेच, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "म्हंजे काम मंजूर झालं!" ते ओरडले.

"आता कसं? पोट्टी तं तुमचीच हाय," वनमालाबाई म्हणाल्या.

"पोट्टी माही हाय. तलाव साऱ्यायचा हाय. मोर्चा काढू!"

जपायच्या तलावांची यादी ठरवायला मंगळवारी ऑफिसातच नीलिमाची शेवटची जनसभा होती; पक्षी मोजून ती थेट तिथेच आली. आधीच्या दोन सभांना फक्त खुर्च्या हजर होत्या. "इस बार भी कोई नहीं आया, तो आपका तालाब लिस्ट से बाहर," तिच्या साहेबांनी बजावलं होतं. ती रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसलेली असताना बाहेर घोषणा ऐकू आल्या आणि सव्वाशे माणसं आत घुसली.

मोर्चाच्या पुढे धरलेला लॅमिनेट केलेला नकाशा पाहून नीलिमाला सगळा घोटाळा कळला. "मंजूर काहीच नाही," ती म्हणाली, "हा फक्त इशारा आहे." मग तिने तिसरा नकाशा पसरला आणि लोकांच्या हाती पेनं दिली. पाणकोंबड्या अंडी घालतात तो कोपरा वनमालाबाईंनी दाखवला. तलावात पाणी आणणारा नाला कोणी, बगळ्यांची झाडं कोणी. तासाभरात नकाशावर जागा उरली नाही. साहेबांनी तलावाचं नाव यादीत सगळ्यात वर घातलं.

"वो सबसे आगे," साहेबांनी हळूच विचारलं, "जो हमारे ऑफिस को मुर्दाबाद बोल रहे थे, कौन हैं?"

लहानूजी ओशाळून खांबाआड सरकले. नीलिमा मात्र उठून उभी राहिली.

"मेरे पिताजी हैं, सर," ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की सव्वाशेच्या सव्वाशे माणसांनी वळून पाहिलं.