गायधनी काकांचा गोंद

गायधनी काका चहाच्या आधी गोंदाचा वास घेतात. बाटलीचं झाकण उघडून, डोळे मिटून. मग मान हलवतात, "नाही. पहिल्या दिवशी सगळेच गोंद चांगले असतात."

मी त्यांच्याकडे पोळ्यांना जाते. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन यवतमाळकडून नवऱ्यामागे नाशकात आले, तेव्हा पहिलं काम काकांनी दिलं. "पोळी गोल नसली तरी चालेल, विमानाला हात लावायचा नाही," एवढीच अट. ते उपकार मी विसरत नाही, आणि काम जाईल ही धास्तीही कधी गेली नाही.

विमान म्हणजे बैठकीतल्या टेबलावरचा लाकडी सांगाडा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. त्यावर पतंगी कागद चढवला की झालं. पण कागद कशानं चिकटवायचा, हे तीन वर्षांत ठरलेलं नाही. पांढरा गोंद जड होतो. पिवळा सुकताना कागदाला सुरकुत्या पाडतो. रबराचा उन्हात सुटतो. प्रत्येक गोंदानं चिकटवलेली कागदाची पट्टी, तिच्यावर नंबर. अशा पट्ट्या फ्रीजवर, खिडकीच्या गजांवर, एकदा तर माझ्या पोळपाटावर.

"सत्तावीस नंबर. शुक्रवारपर्यंत धुवायचा नाही."

"मग पोळ्या कशावर लाटू?"

"ताटावर लाट. शास्त्राचं काम आहे."

कुरिअरवाल्यालाही सोडत नाहीत. "पाकीट कशानं चिकटवता हो?"

"घाईत असलो तर थुंकीनं, काका."

काकांनी तेही वहीत उतरवलं.

मागे काका दोन दिवस त्र्यंबकला भाच्याकडे मुंजीला गेले. किल्ली माझ्याकडे. मला वाटलं, माणसानं आपल्यासाठी एवढं केलं, आपणही काही करावं. मैद्याची पातळ खळ शिजवली, गाळली, बोटानं बरगड्यांना लावली, कागद चढवला, वरून पाण्याचा हलका हबका मारला. वाळल्यावर पंख ढोलकीसारखा ताणला गेला.

काका रविवारी संध्याकाळी आले. पंखावर टिचकी मारली. मग "छान झालंय" म्हणाले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. विमानाला हात लावायचा नाही, ही अट मला तेव्हा आठवली.

तेवढ्यात कॅनडातून मुलाचा फोन आला. दर रविवारी येतो. सांगाडा त्यानंच कॉलेजात असताना केलेला. काका फोन स्पीकरवर ठेवतात.

"बाबा, विमान कुठवर?"

काकांनी पंखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे, गोंदच ठरत नाहीये."

"अजून? रबराचा बघितलात?"

वीस मिनिटं बापलेक बोलले. ऊन, दमट हवा, कुरिअरवाल्याची थुंकी. मुलगा खदखदून हसला. गोंदाखेरीज दुसरा विषय निघाला नाही. आधीच्या कुठल्या रविवारीही निघाला नव्हता, हे मला कणीक मळताना आठवलं.

फोन ठेवल्यावर मी न विचारताच ओलं फडकं आणलं. एका बाजूनं काका, एका बाजूनं मी. खळ सुटत गेली, कागद चिंधी होऊन हातात आला, खालून बरगड्या निघाल्या.

"खळ बाद," काकांनी वहीत लिहिलं. आवाज मोकळा झाला होता. "आता काय बघायचं गं?"

"आमच्याकडे जंगलात धावड्याचा डिंक भेटते, काका. मायला विचारू का?"

तिथूनच फोन लावला. माय एरवी "जेवली का?" विचारते, मी "हो" म्हणते, आणि पुढं दोघींनाही सुचत नाही. त्या दिवशी अर्धा तास झाला. कोणत्या झाडाचा, केव्हा काढलेला, किती भिजवायचा.

काका शेजारी वही उघडून बसले होते. मधेच हळूच म्हणाले, "घाई नाही म्हणावं."